एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? मापाचं वजन करण्याची खात्रीची पद्धत

एकच मापी कप आणि एकाच डब्यातला मैदा घ्या. आधी मैदा चाळणीतून थेट कपात अलगद पडू द्या, सुरीच्या पाठीनं वरचा भाग सपाट करा आणि वजन करा. मग कप रिकामा करून तोच डब्यात खुपसून भरा, ओट्यावर दोन-तीनदा आपटा, खाली बसलेली जागा पुन्हा भरून घ्या, सपाट करा आणि वजन करा. अमेरिकी मापाचा कप असेल तर पहिलं वजन ११० ग्रॅमच्या आसपास भरेल. दुसरं १५० च्याही पुढे जाऊ शकतं. कप तोच आहे, मैदा तोच आहे, दोन्ही वेळा कप काठोकाठ भरलेला आहे.

म्हणूनच ‘एक कप मैदा किती ग्रॅम’ असं शोधलं की कुठे १२० मिळतात, कुठे १२५, कुठे १४० किंवा १५०. वाचणारा गोंधळतो आणि त्यातला एखादा आकडा अंदाजानं उचलतो. खरं तर यातले बहुतेक आकडे बरोबरच असतात. फक्त प्रत्येक आकड्यामागे कपाचा आकार निराळा आणि कप भरणारा हात निराळा असतो. कृती लिहिणाऱ्याचा कप कोणता आणि त्याचा हात कसा, हे ओळखता आलं की रूपांतर म्हणजे साधा गुणाकार उरतो. माझ्या मते या विषयातलं खरं कौशल्य त्या ओळखण्यातच आहे, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

कपात पिठापेक्षा हवा जास्त

पाण्याचा एक मिलिलीटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, मग ते कसंही ओता. दाणेदार साखरेचा कप कोणीही भरला तरी साधारण २०० ग्रॅमच भरतो, कारण साखरेचे दाणे मोठे आणि टणक असतात, एकमेकांवरून घसरतात आणि आपोआप नीट बसतात. पिठाचे कण फार बारीक असतात. ते एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्यामध्ये लहान-लहान पोकळ्या तयार होतात. थोडा दाब पडला किंवा धक्का बसला की या पोकळ्या कोसळतात आणि पीठ खाली बसतं.

हे किती मोठ्या प्रमाणावर घडतं ते बघा. पिठाच्या कणाची स्वतःची घनता पाण्याच्या साधारण दीडपट असते. म्हणजे १२५ ग्रॅम मैद्यातले कण जर पूर्ण दाबून एकत्र करता आले, तर ते ८५ मिलीच्या आसपास जागा घेतील. कप २३७ मिलीचा असतो. उरलेले दीडशे मिली ही सगळी हवा. आपण कप भरतो तेव्हा मुख्यतः ही हवा मोजत असतो आणि ती किती राहील हे भरण्याच्या पद्धतीवर ठरतं. महिनाभर फडताळात उभी असलेली पिशवी, प्रवासात हादरे खाल्लेली पिशवी आणि नुकताच चाळलेला मैदा यांचे कप म्हणूनच सारखे नसतात.

आधी कपाचा आकार पक्का करा

‘कप’ हे जगभर एकच माप नाही. अमेरिकी कप २३६.६ मिलीचा असतो. तिथल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या माहितीसाठी तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलिया आणि इतर अनेक देशांत मेट्रिक कप २५० मिलीचा. जपानी कप २०० मिलीचा. जुन्या ब्रिटिश कृतींमधला कप अर्ध्या पाइंटचा, म्हणजे २८४ मिलीचा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलीचा असतो, पण ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. चहा प्यायचा कप यात कुठेच बसत नाही. तो मापी कप नाही.

तुमच्याकडचा कप नक्की केवढा आहे ते पाच मिनिटांत कळतं. रिकामा कप वजनकाट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. संचातला अर्धा, पाव आणि एक-तृतीयांश कपही असाच तपासून घ्या, कारण कपावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष माप यांत फरक निघू शकतो.

इथे एक दिलासा आहे. कृतीतलं सगळंच कपानं मोजलेलं असेल, म्हणजे मैदा, साखर, दूध, तेल सगळं, तर २३७ ऐवजी २५० मिलीचा कप वापरल्यानं फारसं बिघडत नाही. प्रत्येक गोष्ट साडेपाच टक्क्यांनी वाढते आणि प्रमाण तेच राहतं. अडचण येते ती अंडी, यीस्टचं पाकीट किंवा ग्रॅममध्ये दिलेलं लोणी अशा गोष्टी सोबत असतील तेव्हा, कारण त्या कपाबरोबर वाढत नाहीत.

मग भरणाऱ्याचा हात ओळखा

कप भरण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, चाळून भरणं: मैदा थेट कपात चाळायचा आणि सपाट करायचा. अमेरिकी कपात साधारण १०० ते ११५ ग्रॅम. दुसरी, चमच्यानं भरणं: डब्यातला मैदा आधी ढवळून मोकळा करायचा, चमच्या-चमच्यानं कपात टाकायचा, न दाबता, न आपटता सपाट करायचा. १२० ते १२५ ग्रॅम. तिसरी, खुपसून भरणं: कपच डब्यात बुडवायचा, भरून बाहेर काढायचा आणि सपाट करायचा. सुमारे १४० ग्रॅम, आणि हात जड असला तर त्याहूनही जास्त.

छापील आकडे या पद्धतींशी ताडून बघितले की सगळं उलगडतं. किंग आर्थर बेकिंग ही अमेरिकेतली पीठ विकणारी कंपनी कपाला १२० ग्रॅम धरते, कारण त्यांची पद्धत चमच्यानं भरण्याची. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणमूल्यांच्या सूचीत १२५ ग्रॅम आहेत. अमेरिकाज टेस्ट किचन या पाककृती तपासून प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेच्या कृतींमध्ये १४२ ग्रॅम असतात, कारण तिथे कप पिठात खुपसून भरतात. ऑस्ट्रेलियन कृतींमध्ये १५० ग्रॅम दिसतात. त्यांचा कप २५० मिलीचा. आता १४२ ला २३६.६ नं भागा आणि १५० ला २५० नं भागा. दोन्हीकडे ०.६० येतं. म्हणजे हे दोन आकडे वेगळे दिसत असले तरी पीठ तेवढंच घट्ट भरलेलं आहे, फक्त कप निराळा.

या १२० आणि १४२ च्या फरकाचं ताटात काय होतं? कुकीजच्या कृतीत सव्वादोन कप मैदा आहे असं धरा. एका हिशेबानं तो २७० ग्रॅम, दुसऱ्यानं ३२०. वरचे ५० ग्रॅम म्हणजे जवळजवळ सात टेबलस्पून मैदा. कुकीज पसरतच नाहीत, गोळ्यासारख्या राहतात. केकमध्ये तोच फरक कोरडेपणा आणि मध्ये फुगून चिरलेला माथा या रूपानं दिसतो. मी स्वतः बरीच वर्षं कप खुपसून भरत होते आणि कोरड्या केकचा दोष ओव्हनच्या तापमानाला देत होते. मैदा पहिल्यांदा वजन करून घेतला त्या दिवशी कारण समजलं.

कृती वाचून आकडा कसा काढायचा

कृतीत ग्रॅम दिले असतील तर तेच वापरा, प्रश्न संपला. नसतील तर पुढच्या खुणा शोधा.

त्याच लेखकाच्या दुसऱ्या एखाद्या कृतीत कप आणि ग्रॅम दोन्ही आहेत का ते बघा. एक माणूस सहसा एकाच पद्धतीनं मोजतो. पुस्तक असेल तर सुरुवातीच्या पानांवर ‘मापं कशी घ्यावीत’ असा मजकूर असतो. तो बहुतेक जण वाचत नाहीत, पण सगळं उत्तर तिथेच असतं. अमेरिकी मैद्याच्या पाकिटावर पाव कप म्हणजे ३० ग्रॅम असं छापलेलं असतं, म्हणजे पूर्ण कप १२० ग्रॅम.

शब्दांचा क्रमही बघा. ‘एक कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळायचा आणि मग मोजायचा, वजन कमी. ‘एक कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी मोजायचा आणि मग चाळायचा, वजन जास्त. या दोहोंत सहज १५-२० ग्रॅमचा फरक पडतो.

ब्रेडच्या बाबतीत सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पाणी. बेकर मंडळी पिठाला १०० टक्के मानून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत सांगतात. समजा कृतीत ४ कप मैदा आणि ३२० मिली पाणी आहे. कपाला १२० ग्रॅम धरले तर मैदा ४८० ग्रॅम आणि पाणी ६७ टक्के होतं. १४२ धरले तर मैदा ५६८ ग्रॅम आणि पाणी ५६ टक्के. आता कृतीतलं वर्णन वाचा. ‘गोळा मऊ आणि किंचित चिकट राहील’ असं लिहिलं असेल तर लेखकाचा कप हलका भरलेला आहे. ‘गोळा घट्ट होईल, हाताला चिकटणार नाही’ असं असेल तर तो भरगच्च आहे. शब्द आणि टक्केवारी जिथे जुळतील तो तुमचा आकडा.

काहीच खूण मिळाली नाही तर अमेरिकी कपासाठी १२५ ग्रॅम धरून सुरुवात करा. दोन्ही टोकांपासून तो सुरक्षित अंतरावर आहे. कणीक घट्ट वाटली तर पाणी वाढवता येतं आणि पातळ वाटली तर मैदा. मात्र केकच्या मिश्रणात आधी जास्त पडलेला मैदा काढून घेता येत नाही, म्हणून तिथे मी १२० पासूनच सुरुवात करते.

प्रत्यक्ष रूपांतर

सूत्र एकच: कपांची संख्या × एका कपाचं वजन. कप निराळ्या आकाराचा असेल तर मिलीवरून चला. चमच्यानं भरलेल्या मैद्यासाठी मिलीला ०.५१ नं गुणा, खुपसून भरलेल्यासाठी ०.६० नं. त्यामुळे २५० मिलीच्या कपात चमच्यानं भरलेला मैदा साधारण १२७ ग्रॅम आणि २०० मिलीच्या कपात सुमारे १०२ ग्रॅम.

कपाला १२० ग्रॅमचा हिशेब तोंडपाठ करायला सोपा आहे. पाव कप ३०, एक-तृतीयांश ४०, अर्धा ६०, दोन-तृतीयांश ८०, पाऊण कप ९०, दीड कप १८०, अडीच कप ३००. अमेरिकी कपात १६ टेबलस्पून बसतात, म्हणून सपाट टेबलस्पून साडेसात ग्रॅमचा. शीग लावलेला चमचा यात धरू नका, त्याचं वजन दुपटीपर्यंतही जाऊ शकतं.

इतर पिठांना मैद्याचा आकडा लावू नका. चमच्यानं भरलेल्या अमेरिकी कपासाठी मी हे आकडे धरते:

- गव्हाचं पूर्ण पीठ: ११३ ग्रॅम
- ब्रेडचं पीठ (ब्रेडसाठी मिळणारा जास्त प्रथिनांचा मैदा): १२० ग्रॅम
- राय (rye) या धान्याचं पीठ: सुमारे १०५ ग्रॅम
- ओट्सचं पीठ: ९२ ग्रॅम
- बदामाचं पीठ: ९६ ग्रॅम
- तांदळाचं पीठ: १४२ ग्रॅम
- साखर नसलेली कोको पावडर: सुमारे ८५ ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च: सपाट टेबलस्पूनला साडेसात ते आठ ग्रॅम

गव्हाच्या पूर्ण पिठात कोंड्याचे पापुद्रे असतात, त्यामुळे ते कपात सैल बसतं. तांदळाचं पीठ त्याच कपात बरंच जास्त भरतं. दळण किती बारीक आहे यावरही फरक पडतो, म्हणून ताज्या दळलेल्या पिठाचं वजन एकदा स्वतःच घेऊन बघा. केकच्या पिठाऐवजी (म्हणजे केकसाठी मिळणाऱ्या कमी प्रथिनांच्या मैद्याऐवजी) कपातून दोन टेबलस्पून मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घालतात, ते वजनात सांगायचं तर १०५ ग्रॅम मैदा आणि १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर.

पौंडात आणि औंसात लिहिलेल्या कृती वाचताना एक चूक फार होते. वजनाचा औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. द्रव-औंस हे आकारमान आहे, अमेरिकी मापात २९.६ मिली. एका कपात ८ द्रव-औंस असतात म्हणून काही जण एक कप मैदा ८ औंस, म्हणजे २२७ ग्रॅम धरतात. तो असतो सव्वाचार औंस. या एका गैरसमजानं मैदा जवळजवळ दुप्पट पडतो.

तुमच्या स्वतःच्या हाताचं वजन

कधी कधी उलट गरज पडते: कृती ग्रॅममध्ये आहे आणि हाताशी फक्त कप आहे. त्यासाठी तुमच्या हातानं भरलेला एक कप किती ग्रॅमचा असतो हे आधीच माहीत असावं. एका निवांत दिवशी नेहमीच्या पद्धतीनं कप भरा, वजन लिहा, मैदा डब्यात परत टाकून ढवळा, पुन्हा भरा. असं पाच वेळा. समजा १२४, १३१, १२७, १२९ आणि १२४ आले, तर सरासरी १२७. आकडे एकमेकांपासून दहा ग्रॅमपेक्षा जास्त दूर जात असतील तर भरण्याची पद्धत अजून एकसारखी झालेली नाही.

ही सरासरी काढल्याशिवाय ‘चार-पाच कप घेतले की कमी-जास्त भरून निघतं’ असं समजू नका. एकदा जास्त, एकदा कमी असा डुलणारा फरक भरून निघतो. पण तुमचा हातच जड असेल तर प्रत्येक कप जास्त भरतो आणि पाच कपांत तो फरक पाचपट होतो.

काटा मुळीच नसेल तर न उघडलेलं पाकीट कामाला येतं. ५०० ग्रॅमचं पाकीट आणा, मैदा मोठ्या भांड्यात ओतून मोकळा करा आणि चमच्यानं भरत किती कप निघतात ते मोजा. शेवटचा अपुरा कप टेबलस्पूननं मोजा. ५०० ला त्या संख्येनं भागलं की तुमच्या कपाचं वजन मिळालं. २५० मिलीच्या कपानं ही संख्या चारपेक्षा किंचित कमी यावी. अगदी तीन कपांत पाकीट संपलं तर तुम्ही दाबून भरताय.

मग ३०० ग्रॅमचं रूपांतर असं: कप १२७ ग्रॅमचा, दोन कप म्हणजे २५४. उरले ४६ ग्रॅम. टेबलस्पूनला साडेसात ग्रॅम, म्हणजे सहा सपाट टेबलस्पून. दोन कप आणि सहा टेबलस्पून. ‘२.३६ कप’ असं उत्तर काढून अंदाजानं तिसरा कप अर्धवट भरण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं होतं. पीठ मोजायला पाण्याचा चोचवाला जग वापरू नका. त्यात वरचा भाग सपाट करता येत नाही आणि पातळी बघण्यासाठी जग हलवला की पीठ खाली बसतं.

काट्याबद्दल थोडं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरेसा आहे. यीस्ट, मीठ, बेकिंग पावडर यांच्यासाठी तो भरवशाचा नाही, कारण तीन ग्रॅममध्ये एक ग्रॅमची चूक म्हणजे एक-तृतीयांश. त्या गोष्टी मापी चमच्यानं घ्या किंवा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा ठेवा. काटा सपाट जागी ठेवा, भांडं मधोमध. चिमूट-चिमूट भुरभुरवत गेलं तर काही काटे ती वाढ धरतच नाहीत. शेवटचे काही ग्रॅम एका चमच्यात घेऊन एकदम टाका. मध्येच काटा बंद पडला की शून्य केलेला आकडा हरवतो, म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन कागदावर लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

रूपांतर केल्यावर ग्रॅम कृतीच्या समासात लिहा आणि सोबत तुम्ही कपाला किती धरले तेही लिहा: ‘२७० ग्रॅम, कप १२०’. पदार्थ कोरडा झाला तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते या एका नोंदीवरून कळतं. मी तिसऱ्या खेपेपर्यंत पेन वापरत नाही, पेन्सिलच वापरते.

वजनानंही एक गोष्ट पकडली जात नाही, ती म्हणजे पिठातला ओलावा. पीठ हवेतली आर्द्रता शोषतं आणि कोरड्या हवेत सोडतं. ५०० ग्रॅम पिठात ओलावा १२ टक्क्यांऐवजी १४ टक्के असेल तर त्यात १० ग्रॅम पाणी आधीच आलेलं असतं आणि काटा दोन्ही वेळा ५०० च दाखवतो. म्हणून ब्रेडची कणीक मळताना नेमकं वजन केलेलं असलं तरी दोन टेबलस्पून पाणी बाजूला ठेवा, दहा मिनिटं पीठ भिजू द्या आणि मग हाताला लागेल तेवढंच घाला.